ट्रेसिंग उलटी धरून

रेघ चुकली तर क्वाद्रुश मास्तर रबर देत नसत,
अर्धं ब्लेड देत. खरवड, म्हणत, पण कागदाला कळू देऊ नकोस.

माझगावात म्हातारपाखाडीच्या वरच्या अंगाला
त्यांचा संध्याकाळचा ड्रॉइंगचा क्लास,
आम्ही पाचजण, कुठेच प्रवेश न मिळालेले.
मध्येच त्यांना दम लागायचा,
आणि दम ओसरेपर्यंत बैरा शहर निघायचं.

बैरा. आफ्रिकेच्या काठावर दलदलीत उभं केलेलं.
तिथे पंधरा वर्षं मास्तर ड्राफ्ट्समन,
आणि साहेब आन्सेल्मु व्हिलेना,
एकोणतिसाव्या वर्षी बोटीतून उतरलेला,
हातात वेताची खुर्ची, डोक्यात एक छप्पर,
जे लिस्बनमध्ये त्याला कोणी बांधू दिलं नव्हतं.
इथे दिलं. सिनेमागृहावर, लाटेसारखं.
मग बँक, गॅरेज, आणि एक चर्च
ज्यात प्रवचन लांबलं तरी घाम येत नसे.
"सावली मापायचा तो, शिंपी कापड मापतो तशी."
फूटभर खोल काँक्रीटच्या जाळ्या,
दुपारी दोनला ऊन उंबऱ्याशी थांबलंच पाहिजे.
थांबायचं.

मागचा जिना मात्र प्रत्येक नकाशात.
पावणेदोन फूट. जाळी नाही, सावली नाही.
त्यावर नाव लिहायचं नाही, नुसता बाण.
कोणासाठी, ते सगळ्या शहराला पाठ.
मी विचारलं, मास्तर, तुम्ही कुठून जायचात?
त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. बराच वेळ काढलं.
"हातात नकाशे असले तर पुढून."

एकदा साहेबाने विचारलेलं,
मुंबईत तुझ्या आईच्या खोलीत ऊन किती वाजता येतं?
येत नाही. खिडकीच नाही.
त्या रात्री त्याने बसून खिडकी काढली, पदरचं तेल जाळून.
बैरा एकोणीस अंशांवर, मुंबईही एकोणीस,
सोपं आहे, म्हणाला,
आणि विसरला की तिकडचा सूर्य उत्तरेकडून फिरतो.
सज्जा भलत्याच बाजूला.
साहेबाची चूक दाखवायची रीत नव्हती.
मास्तरांनी खोलीवर जाऊन ट्रेसिंग उलटी धरली,
उत्तरेचा बाण खाली गेला, सगळं जमलं.
पण भिंत घरमालकाची. खिडकी झाली नाही.

गोवा सुटला, तेव्हा हिंदी म्हणून मास्तर तिकडे छावणीत.
साहेब सोडवायला आला नाही,
धक्क्यावर आला, निरोप द्यायला, नव्या बुटांत.
पुढे पंचाहत्तरात तोही निघाला, एका ट्रंकेनिशी.
शेवटी बसथांब्यांची छपरं काढत होता,
असं एका नाताळच्या कार्डावर.

भाच्याने बोटीवरून एक फोटो आणलेला:
सिनेमागृहाच्या जाळीवर लुगडी वाळताहेत, म्हणजे तिकडची कापडं,
पुढच्या पायऱ्यांवर बाया सुकी मासळी मांडून बसल्यात.
"साहेबाच्या नकाशात माणसं नसायची,"
मास्तर फोटोवर बोट ठेवून म्हणाले. "आली बघ."
आणि हसता हसता पुन्हा दमा.

क्लासच्या जागेवर आता बेचाळीस मजले होणार.
फाईल माझ्याच टेबलावर आलीय.
प्रत्येक फ्लॅटला मागे एक दार,
कामवाल्यांची लिफ्ट वेगळी, नुसता बाण.
मी दार दोनदा रुंद केलं. दोनदा परत आलं.

ट्रेसिंग माझ्या कपाटात आहे.
काल खिडकीशी धरून पाहिली.
शाई आरपार उतरलीय,
सुलटी बाजू कुठली, काही केल्या कळेना.