आडव्या रेघेच्या पुढे

बॅरी, व्हरमाँट. ऑक्टोबर संपत आलेला.
टायर फुटलं म्हणून थांबले, एरवी कशाला थांबतेय.
गॅरेजवाला ड्वेन म्हणाला, दोन तास तरी.
बसायला कुठे? पलीकडे बाक आहेत, म्हणाला,
आणि पान्याने दाखवलं ते फाटक
दफनभूमीचं निघालं.

मागे फिरणार होते. तिन्हीसांजेला
असल्या जागी जाऊ नये, हे लहानपणापासूनचं.
पण घड्याळात साडेअकरा,
पाय गारठलेले,
आणि ऊन नेमकं त्याच बाजूला पडलेलं.

आत सगळं राखाडी. गावच ग्रॅनाइटचं:
दगड काढणारे, दगड घडवणारे,
आणि मग त्याच दगडाखाली आडवे झालेले.
इटलीहून आलेली माणसं, छातीत धूळ भरून
चाळिशीतच गेलेली.
हे पाटीवर लिहिलं होतं.
पाटीवर नव्हतं ते हे, की दगडातला गुलाब
इतका मऊ असतो, बोट लावताना
काट्याला जपावंसं वाटतं.

एके ठिकाणी दगडाची खुर्ची, रिकामी.
एके ठिकाणी दगडाचा बूट, नाडी सुटलेली.
मला हसू आलं. मग इकडेतिकडे बघितलं,
कुणी पाहिलं तर नाही.

एलिजिओ बर्तोलेत्ती, १८८१, आडवी रेघ, १९२३.
शेजारी, त्याच दगडावर,
कार्मेला, त्याची बायको, १८८९, आडवी रेघ,
पुढे काहीच नाही.
गुळगुळीत. पाहुणा यायचाय
म्हणून पान मांडून ठेवावं, तशी जागा.

आकडे मला चटकन जमतात, नोकरीच ती.
कार्मेलाबाई आज एकशे पस्तिशीच्या पुढे.
जिवंत नाही, आणि इथे मेलेलीही नाही.

पानं गोळा करणाऱ्या बाईला विचारलं.
ती दाताळ्यावर रेलली. "दुसरं लग्न केलं असेल.
दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाखाली असेल.
नाहीतर पैसे नसतील कोरून घ्यायला.
नाहीतर काय, कोरणाराच तो होता ना."
आणि पुन्हा पानं ओढू लागली.

कोरणाराच तो होता.

आमच्याकडे दगड नसतो. तिसऱ्या दिवशी
राख पाण्यात, आणि नाव
हाक मारणारे आहेत तोवर.
तरी आईचं नाव मी कोरलेलं पाहिलंय,
भांड्यांवर. मिरजेच्या दुकानात
मशीन टर्रर्र करत ठिपक्याठिपक्यांनी घालायचं.
स्टीलच्या घागरीवर 'सौ. विजया हिस, आत्याकडून'.
आणि एक पितळी गडू, एवढासा,
त्यावर मशीनचं नाही, छिन्नीचं, वाकडं:
'चि. कोंडू'.
कोंडू कोण गं, मी विचारलं होतं, दहा वर्षांची असेन.
"होती एक," आई म्हणाली, गडू चिंचेने घासत,
"लग्नात मागे राहिली."
मला वाटलं, एखादी मैत्रीण.
कितीतरी वर्षं वाटत राहिलं,
बस चुकलेली एक मुलगी,
मांडवात एकटी.

ड्वेनचा फोन आला. दीड तासातच झालं.
पैसे घेताना त्याने सहज विचारलं,
भेटलं का कुणी ओळखीचं?
त्याचा नेहमीचा विनोद असावा.
मी हो म्हणाले, तर तो जरा गोंधळला,
आणि पावती उलटीच हातात दिली.

रात्री घरी, न्यू जर्सीत,
गडूतली पेनं टेबलावर ओतली.
पेनं ठेवायला घेतलेला तो, सोळा वर्षं झाली.
घरात चिंच नव्हती. लिंबू-मीठ लावून घासला,
बराच वेळ.
'कों'वरचा अनुस्वार कुणीतरी
जरा जोरातच ठोकलाय.
आतून बोट फिरवलं
तर लागतो.