सातवा बोअर

आठ वाजताच पत्रा तापलाय.
ऑगर फिरतो तसा वर येतो
विटांचा चुरा, मग बॉयलरची राख, मग मुरूम,
आणि दीड मीटरवर
आपली सोलापूरची काळी माती, चिकट,
वास मात्र आपला नाही.

बरणी काठोकाठ भरायची, हवा ठेवायची नाही.
चिठ्ठीवर खोली, वेळ, माझी सही.
बर्फाच्या पेटीत सहा झाल्या.
मंजूर सहाच.

नकाशात इथं 'मोकळी जागा'.
नव्या नकाशात तीन इमारती, आणि कोपऱ्यात
पेन्सिलीनं काढलेली घसरगुंडी.

गुर्रम व्यंकय्या, वॉचमन,
त्याआधी एकतीस वर्षं रंगखात्यात.
विझलेली विडी बोटांत तशीच.
"मॅडम, इथं नाही. दहा पावलं तिकडं.
मोरी तिथनं जायची.
चादरीचा जो लॉट, तो रंग पाण्याला.
शाळेला जाताना पोरं सांगायची,
आज मेहंदी लागलीय, आज शाई."

मी पावलं मोजते.
ऑगर पुन्हा रोवतो आम्ही.

"काठानं अंबाडी काय माजायची!
आम्ही पुंटीकूर म्हणतो.
आमची बायको ओटी भरून आणायची.
डाळीत घातली की, काय सांगू,
तसली आंबट परत नाही मिळाली."

माती वर येते, जांभळट.
तो वाकून बघतो, ओळखीचं कुणी भेटल्यासारखा.

शिसं, क्रोमियम प्रयोगशाळा सांगेल,
मर्यादेच्या आत की बाहेर.
फॉर्मच्या तळाशी बोटभर रकाना: शेरा.
आजवर रिकामाच सोडत आले.

लिहिते:
अंबाडी उगवायची.
खाल्ली.