धुलाईची वही

शहराच्या फुटबॉलचा इतिहास लिहायचाय म्हणून
एक पोरगा रेकॉर्डर घेऊन आला.
गोल किती, कप किती, विचारत सुटला.
मी म्हटलं, बाळा, गोलांचं मला काय कळतंय?
शनिवारी सामना सुरू असायचा
तेव्हा मी रविवारच्या पाण्याखाली जाळ घालत असे.
मला विचार, कुठल्या मैदानाचा मळ
कितव्या पाण्याला निघायचा.

पहिलं मैदान जहाजगोदीच्या मागे, तळ्याकाठी.
गवत नव्हतंच. भट्टीची राख अंथरलेली.
तेव्हा धुणं आईकडे होतं.
स्लोव्हेनमध्ये शिव्या घालत ती सदरे आपटायची,
म्हणायची, ही राख कापडातून निघेल गं,
माणसातून नाही निघायची.
बॉयलर जोडणाऱ्या त्या अकरा जणांचे गुडघे
गोंदल्यासारखे निळे होते, मरेपर्यंत.
पगार आठवड्याला चार डॉलर
आणि पाटीभर कोळसा.
गोदी बसली, तिच्याबरोबर संघही.
त्या हिवाळ्यात लाकडी स्टँड
लोकांनी फळी फळी करून घरी नेला, जाळला.
आमच्या चुलीत सतरा नंबरची जागा गेली.
छान पेटली.

मग कितीतरी वर्षांनी बेसबॉलचं स्टेडियम.
भाड्याचं घर ते, दुसऱ्याच्या भिंतींत खिळा ठोकायची चोरी.
अर्धी जमीन तांबडी माती, अर्धी प्लास्टिकची हिरवळ.
डाव्या बाजूच्यांचे मोजे गेरूत बुडवल्यासारखे,
उजवीकडच्यांच्या मांड्या सोललेल्या.
रक्ताला थंड पाणी, मातीला कोमट,
आणि जांभळ्या रंगाला देवाचं नाव.
पहिल्याच धुण्यात सगळा संघ फिका गुलाबी झाला
आणि तसाच मैदानात उतरला. माझी चूक.
त्या दिवशी जिंकले म्हणे.

केप व्हर्देचा एव्हरिस्टो, आठ नंबर,
आपला सदरा स्वतः न्यायला यायचा.
कॉलरला इस्त्री मला करू द्यायचा नाही.
मालक एका रात्रीत फ्लोरिडाला पळाला,
चेक परत आले, एव्हरिस्टो मात्र गेला नाही.
बस चालवू लागला, अकरा नंबरची,
आमच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवायचा, एकदाच.

नंतर हॉकीच्या बंद हॉलात खेळले. बर्फावर फळ्या, फळ्यांवर गालिचा.
चेंडू भिंतीवर आपटायचा, माणूसही.
कपडे इतके स्वच्छ यायचे
की पैसे घ्यायची लाज वाटे.
नुसता घाम, आणि खालून आलेला गारठ्याचा वास.
मैदानाला माती नसेल तर
मी कशाशी भांडू?

पुढची अकरा पानं कोरी आहेत.
हॉटेलच्या चादरी धुतल्या.
चादरींचं कुणी लिहून ठेवत नाही.

आता नवं स्टेडियम झालं, गोदी पाडली तिथेच.
काचेचं. संघ मुलींचा.
मशीन त्यांची, साबण त्यांचा,
पण हट्टी डाग अजून माझ्याकडे येतात.
पहिल्या सामन्यानंतर एक सदरा उलटा करून झटकला
तर टबात काळे कण पडले, कितीतरी.
मी आईला हाक मारली. मोठ्यानं.
मग कळलं, टायरचं रबर आहे ते,
गवताच्या बुडाशी पसरतात हल्ली.

एव्हरिस्टोचा सदरा? आहे ना.
शेवटच्या सामन्याचा. न्यायला आला नाही,
मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
दर शरदात एकदा पाण्यातून काढते,
न वापरलेल्या कापडालाही मळ धरतो.

तू काय म्हणालास, सगळ्यात चांगला संघ कुठला?
अरे, तुझ्या बाहीला शाई लागलीय.
वाळली तर जायची नाही.
काढ तो शर्ट, आण इकडे.