ढील

टेबलावर सगळं चालतं.
हे आधीच सांगून टाकते,
कारण तेच तर दुखणं.

मकरपुरा जीआयडीसी, पंचालांच्या लेथमागची जागा.
कुलंटचा आंबूस वास मार्चपासून सदऱ्याला चिकटलाय.
पत्र्याच्या पेटीवर आमचा मुंगूस :
पंधरा किलोला चाळीस ग्रॅम कमी,
दोन चाकं, पुढे पोलादी ड्रम,
ड्रमला दोन दात, तिसऱ्यांदा केलेले.
पहिले मऊ निघाले.
दुसरे इतके कडक, की पहिल्या धडकेत काचेसारखे उडाले.
पोलादाला पाणी पाजतात ते किती पाजायचं असतं,
हे कुठल्या सेमिस्टरला नव्हतं.

ड्रम अर्ध्या वेगात असेतो मुंगूस शहाणा.
पूर्ण वेग दिला की डावं चाक मरतं.
दीड सेकंद.
मग डुलकी लागलेल्या पहारेकऱ्यासारखं
काहीच न झाल्याचा आव आणून फिरू लागतं.
रिंगणात दीड सेकंद म्हणजे
समोरच्याने तुम्हाला उचलून छताला लावावं
आणि वर हात पुसावेत, इतका वेळ.

बॅटरी बदलली.
अँटेना पेटीबाहेर काढली.
मोटरींची अदलाबदल केली, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे;
रोग डावीकडेच बसून राहिला.
कंट्रोलर बदलले. तरी डावीकडेच.
उरल्या वायरी, आणि त्या तर मल्टिमीटरवर
विचारू तेव्हा गोड बीप देत होत्या.

सुहृद म्हणाला, कोड बघ तुझा.
मी म्हणाले, कोड कसला, तुझं सोल्डरिंग.
मग दोन दिवस आम्ही फक्त पान्यांच्या आकड्यांत बोललो.
दहा.
आठ.
ॲलन की, चार.

तिसऱ्या दिवशी रमणीकभाई पंचाल लेथ बंद करून आले.
त्यांचा उजवा कान कारखान्याने कधीच नेलाय,
म्हणून मान तिरकी.
ड्रमचा पट्टा काढायला लावला,
नुसती चाकं फिरत ठेवली,
आणि लाकडी फूटपट्टीने एकेक वायर हलवत गेले,
झोपलेल्या माणसाला उठवावं तशी, हळूच.
चौथ्या झिपटायपाशी
चाक थांबलं.

लाल आवरण साबूत होतं.
चिरलं, तर आत बारीक तारांची वेणी,
एकूण एक तुटलेली,
टोकाला टोक टेकवून उभी.
स्वस्थ असलं की वीज जायची.
थरथर वाढली की हात सुटायचे.

तो झिपटाय सुहृदचा नव्हता.
मीच ओढला होता, पक्कड लावून,
शेवटच्या खाचेपर्यंत,
फोटोत नीटनेटकं दिसावं म्हणून.

रमणीकभाई म्हणाले, बेन, ढील मूको.
आणि दोन बोटांनी हवेतच मांजा सोडला,
जानेवारीत गच्चीवर सोडतात तसा.
नवी वायर मी बोटभर सैल ठेवली.
गबाळी दिसत होती. राहू दिली.

वायर होती, मी सुहृदला सांगितलं.
हं, तो म्हणाला.
मग म्हणाला, दहाचा पाना दे जरा.
ते 'जरा' नवीन होतं.

रविवारी हरलो.
सुरतेच्या वावाझोडाचं आडवं पातं
दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत डाव्या अंगात घुसलं,
चाक उडून पिंजऱ्याच्या काचेवर आदळलं,
पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी पाय वर घेतले.
मुंगूस उरलेल्या चाकावर
स्वतःभोवती गिरक्या घेत राहिला, घाण्याच्या बैलासारखा.
पंचांनी हात वर केला तो त्यांच्या बाजूने.
मी मात्र डावीकडे बघत होते :
चाक नव्हतं, पण त्याचा दांडा फिरत होता,
रिकामा, हवेत,
वायर बाहेर लोंबतेय, ड्रम पूर्ण वेगात,
आणि तो एकदाही अडखळला नाही.

रात्री पेटी परत टेकवली.
रमणीकभाईंनी हार-जीत विचारली नाही.
दांत टक्या?
दोन्ही, मी म्हणाले.
त्यांनी मान तिरकी केली.
मी पुन्हा, मोठ्याने : दोन्ही!