द्वारा

विषाणू नव्हे, हेर होता तो,
रत्नागिरीहून तौफीक फोनवर म्हणाला.
कुणीतरी फुकटचं पंचांग उतरवून घेतलं असणार.
कुणीतरी म्हणजे मीच.
त्यात भरती-ओहोटीच्या वेळाही होत्या,
मोह झाला.

काल रात्री त्याला काढला.
हिरवी पट्टी भरत गेली. सत्तेचाळीस सापडले,
सत्तेचाळीस नष्ट.
मी चहा केला, स्वतःचं कौतुक केलं,
आणि सकाळी एकही पान उघडेना.

मोडेमचे चारही दिवे लागलेले.
वायर काढली, फुंकली, परत खोचली.
खारी हवा इथे पितळसुद्धा खाते;
बिजागऱ्या, कड्या, टेलिफोनची टोकं,
सगळ्यांना मी खोबरेल लावून ठेवतो.
टोकं चकचकीत होती.
मोडेम बंद करून शंभर आकडे मोजले.
समोरच्या फाटकांकडे चालू होतं, विचारून आलो.

"पिंग मारा, काका."
काळ्या खिडकीत एका बोटानं एकेक अक्षर.
चार पाठवली, चार पोचली, हरवलं शून्य.
हे मला कळतं. आम्ही याला पोचपावती म्हणायचो,
पूर्णगडच्या पोस्टात चौतीस वर्षं
तिच्यावर सह्या घेतल्या मी.
म्हणजे रस्ता आहे, खाडीवर पूल आहे,
पलीकडे माणूस आहे आणि तो सही करतोय.
मग टपाल का अडलंय?

"कनेक्शन उघडा. त्याखाली लॅन.
प्रॉक्सीच्या चौकोनात टिक आहे?"
होती.
शेजारी पत्ता: एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
"हा कुणाचा रे?"
"तुमचाच. तुमच्याच मशीनचा.
तो आत बसून सगळं आधी स्वतःकडे घ्यायचा,
वाचायचा, मग पुढे धाडायचा.
तो गेला, काका. पत्ता राहिला."

माऊसवरचा हात तसाच राहिला माझा.

तीन बाबू घाणेकर होते गावात.
वरच्या वाडीतला, बंदरावरचा,
आणि मुंबईहून पाय मोडून परत आलेला.
कार्डावर नुसतं, बाबू घाणेकर, मु. पो. पूर्णगड.
वाचल्याशिवाय कसं कळणार,
गाभण म्हैस कुठल्या बाबूची?
पाकीट असलं तर उजेडासमोर धरायचो.
आता सांगूनच टाकतो:
कधी कधी पत्ता स्वच्छ असतानाही.

शेवंती डोर्लेकरला मुलुंडहून भावाचं कार्ड आलं.
कारखाना बंद पडला, आईला सांगू नको.
मी कार्ड पोचवलं, कुणाला बोललो नाही.
फक्त म्हातारी तिकिटं घ्यायला आली
तेव्हा वरचे सुटे पैसे घेतले नाहीत.
का, म्हणाली. म्हटलं, राहू दे.
त्या "राहू दे"वरून तिला सगळं कळलं.
तिथेच बाकावर बसली.

मी निवृत्त झालो, नवा मुलगा आला.
सचोटीचा. परक्याची एक ओळ न वाचणारा.
दिवाळीपर्यंत फळीवर गठ्ठा साठला
बाबू घाणेकरांचा,
बँकेची नोटीस, एक लग्नपत्रिका लग्न होऊन गेलेली,
आणि तिन्ही बाबू रोज येऊन
काही आहे का विचारून जात.

"काका, आहात ना? टिक काढा. ओके दाबा."

काढली. दाबलं.
जरा वेळ काहीच नाही. मग
पान वरून खाली उतरलं, तुकड्या-तुकड्यानं:
वारा वायव्येकडून, समुद्र मध्यम.
त्यामागून टपाल, एकोणीस.
सतरा विम्यावाले, एक वीज मंडळ,
आणि एक मीच मला पाठवून पाहिलेलं.

"किती द्यायचे रे तुला?"
"राहू दे, काका."

फोन ठेवला त्यानं, मी नाही ठेवला.
मागच्या महिन्यात हे मशीन
चार दिवस त्याच्या दुकानात होतं.
मुलाला लिहून न पाठवलेलं एक पत्र
त्यात आहे,
आणि त्याच्यावर पत्ता अगदी स्वच्छ आहे.