उपाशीपोटी

रात्री दहानंतर पाण्याखेरीज काही नाही,
हा निरोप मोबाइलवर तीनदा आला.
एकादशी परवडली म्हटलं,
तिथे निदान साबुदाणा असतो.

आठ चाळीसची वेळ.
एका मोठ्या गोलाभोवती पाच छोटे गोल
असला आमच्या स्विंडनचा तो चौक.
बस त्यातून सुटेपर्यंत
नास्तिकाच्याही नावावर प्रदक्षिणा जमा होतात.
तरी पोचलो, आठ सदतीसला.

दारातच यंत्र. बोट लावा, जन्मतारीख सांगा.
थंडीने बधिरलेलं बोट त्याला माझं वाटेना.
फुंकर मारली, पँटीला घासलं, पुन्हा लावलं,
एकोणीसशे एकोणसाठपर्यंत मागे जाईस्तोवर
ते विचारू लागलं: तुम्ही अजून आहात का?
म्हटलं, बाबा, तेच तर बघायला आलोय.

भिंतीवर कागद : एका भेटीत एकच तक्रार.
माझ्या तर हात धरून आलेल्या,
गुडघा, कानातली शिट्टी, पहाटे तीनची जाग.
कुणाला दाराबाहेर उभी करू?

कोपऱ्यात मासा, एकटाच, तिरका.
काचेवर चिठ्ठी :
मासा बरा आहे. तो असाच पोहतो.
कृपया काउंटरवर विचारू नये.

शेजारचं पोर चिप्स खात होतं
सावकाश, एकेक, पुढच्या दोन दातांनी.
व्हिनेगरचा वास माझ्या पोटापर्यंत जाऊन
रिकाम्या घरात हिंडावं तसा हिंडून परत आला.

आठ पन्नास.
आठ सत्तावन्न.
माझ्यामागून आलेली बाई
माझ्याआधी आत गेली, आणि हसत बाहेर आली.

नऊ वाजून दोन मिनिटांनी दार उघडलं.
'मिस्टर… डावलीकर?'
ढवळीकर आडनावाची इथे बरीच वाताहत झालीय,
पण इतकी अचूक हाक
मला आजवर कुणी मारली नव्हती.
उठलो.

नर्सचं नाव ग्लेनिस. वेल्सची.
माफ करा, म्हणाली, आणि भरपाई म्हणून
आपल्या गावाचं नाव सांगितलं.
मला ते दोन्ही वेळा म्हणता आलं नाही.
फिटंफाट.

दंडाला पट्टा. 'रिलॅक्स.'
नेमकं काय करायचं ते न कळून
मी खांदे पाडले आणि श्वास धरून ठेवला.
एकशे अठ्ठावन्न.
'घरी एवढं असतं?'
घरी मला कुणी आवळत नाही, म्हणालो.
(कुमुदला हे सांगू नये.)

मग शीर शोधणं.
डावा हात, उजवा हात, पुन्हा डावा.
गणिताचे सर वर्गावर नजर फिरवायचे
तेव्हा मी बाकाखाली पेन्सिल शोधायचो,
तशी ती कातडीखाली वाकून बसलेली.
टिचक्या मारून मारून अखेर सापडली,
निळी, ओशाळलेली.

सुई हातात घेऊन ग्लेनिस सहज म्हणाली,
'फक्त पाणी ना?'

हो म्हणायला तोंड उघडलं
आणि आल्याचा वास आला.
माझ्याच तोंडाला.

साडेसहा. अंधार. हीटरची टकटक.
ओट्याच्या कडेला कप,
छत्तीस वर्षं तो तिथेच असतो,
हात जातो, मला विचारत नाही.

'चहा,' म्हणालो.
'दूध?'
'थोडं.'
'साखर?'
मी माशाकडे बघावं तसं भिंतीकडे बघितलं.
'आणखी काही?'
'एक खारी.'
ती थांबून राहिली. शिक्षिकाच झाली असती ही.
'दोन.'

सुईला टोपण बसल्याचा आवाज
फार लहान असतो.
'गुरुवारी, आठ चाळीस,' ती म्हणाली,
आणि तिला हसू आवरेना, मग मलाही,
एकशे अठ्ठावन्न त्या वेळी मोजायला हवं होतं.

बाहेर मासा अजून तिरका, अजून बरा.
पोर झोपलेलं, पाकीट रिकामं.

बसची पायरी चढताना गुडघा वाजला, कडाक.
अरेच्चा. आलो होतो ते तर याच्यासाठी.
थांब, म्हटलं त्याला,
तुझी वेगळी वेळ घ्यावी लागेल.
तुला उपाशी राहायची गरज नाही.