पातं उचलायची जागा

सुरुवातीला नुसता चौकोन होता.
सहा मैल लांब, सहा मैल रुंद,
मोजणीदारांनी साखळ्या ओढत आखलेला.
मधे टेकडी आली तरी रेघ वाकली नाही,
ओढा आला तरी नाही.
ओढ्याला हे कुणी कळवलं नाही. तो आपला
अजून तिरपाच वाहतो, ईशान्येला शिरतो
आणि कुणाची सही न घेता
नैर्ऋत्येला बाहेर पडतो.

मग शहर आलं. एकदम नाही.
आधी मॉल, मग मॉलचं पार्किंग,
मग ज्याला ज्याला शहराचं पाणी हवं होतं तो तो
अर्ज करून, जमिनीसकट, पलीकडे गेला.
आता टॅमरॅक टाउनशिपचा नकाशा म्हणजे
उंदरांनी कुरतडलेली सतरंजी:
तीन मोठे तुकडे आणि सतरा चिंध्या.
चिंध्यांना कागदोपत्री बेटं म्हणतात.
क्विन्स लेनवरचं बेट एकाच घराचं आहे.
तिथं व्हर्ना श्टोल्ट्स राहते, वय एक्याऐंशी.

मी इथली कारकून, एकवीस वर्षं.
हिशेब माझ्याकडे, इतिवृत्त माझ्याकडे,
आणि थडग्यांची वही.
दफनभूमी आता चहूबाजूंनी शहरात आहे,
पण गवत आम्हीच कापायचं, असा कायदा.
पाचशे बारा रहिवासी.
अर्ज न केलेले तेवढेच.

महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी सात,
बंबाच्या शेडमागची खोली.
विश्वस्त तीन, खुर्च्या चाळीस, माणसं चार,
त्यातला एक उबेसाठी आलेला.
विषय पहिला: ओढ्यावरची मोरी.
अर्धी आमची, अर्धी काउंटीची,
आणि फुटली आहे बरोबर मधोमध.
विषय दुसरा: शहराचं पत्र.

त्याचं असं आहे.
आमचा बर्फाचा ट्रक एमेट ग्रूवर चालवतो.
शहराची हद्द लागली की पातं उचलायचं,
त्यांच्या रस्त्यावरून नुसतं जायचं,
आपली हद्द आली की परत टेकवायचं.
व्हर्नाच्या दारापर्यंत नऊ वेळा.
शहराचा ट्रक तिच्या दारापाशी तेच करतो, उलट.
त्यामुळे दर वादळानंतर सकाळी
सगळी गल्ली काळी, मोकळी,
आणि तिच्यापुढे साठ फूट बर्फ,
सुरीने कापल्यासारखा, उभा.

जानेवारीच्या चौदा तारखेला, पहाटे तीनला,
एमेटने पातं उचललंच नाही.
व्हर्नाची डायलिसिसची गाडी साडेपाचला येते.
वाटेत शहराच्या एका गटाराचं झाकण उखडलं.
अकराशे चाळीस डॉलर, तीस दिवसांत.

रॉस्को मेब्री म्हणाले, “का नाही उचललं?”
एमेट टोपीची कड फिरवत राहिला.
“कुठं काय संपतं ते दिसत नव्हतं,” तो म्हणाला.
“सगळं पांढरं होतं.”
सत्तावीस वर्षं हाच रस्ता. डोळे बांधून सांगेल
कुठल्या टपालपेटीशी आपण संपतो.
खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं,
उबेला आलेल्यालासुद्धा.
लोर्ना ड्वोराक खोकल्या.
रक्कम रस्तानिधीतून द्यावी: बाजूने दोन, विरुद्ध एक.
मेब्री म्हणाले, प्रश्न पैशाचा नाही.
प्रश्न नेहमी पैशाचाच असतो, पण तेही
मी जसंच्या तसं लिहिलं.

कारणाच्या रकान्यात मात्र
पेन जरा थांबलं.
मग लिहिलं: पात्याच्या हायड्रॉलिकमध्ये बिघाड.
आमच्या वहीची पानं आकडे घातलेली असतात,
फाडता येत नाहीत.

शेवटी नागरिकांना तीन-तीन मिनिटं.
व्हर्ना उठली, खुर्चीच्या पाठीला धरून.
त्या रात्रीबद्दल एक अक्षर नाही.
म्हणाली, आपल्या गल्लीतला दिवा
ऑक्टोबरपासून बंद आहे,
तो कुणाचा ते तरी सांगा.

मेब्रींनी नकाशा उलगडला.
चौघंजण वाकून बघत राहिलो.
दिव्याचा खांब रेघेवरच होता.

मोरी पुढच्या महिन्यावर गेली.